पोरगी पळते छान, पण स्कॉलरशिप नाही… मग त्या छोट्याशा कॉलेजात कशाला?

पत्र थोडक्यात असं आहे. न्यू जर्सीतल्या एका आईने लिहिलंय, नाव-गाव देत नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेत. मुलगी हायस्कूलच्या अकरावीत, म्हणजे ज्युनियर. सहावीपासून पळते. फॉलमध्ये क्रॉस कंट्री, मग विंटर ट्रॅक, मग स्प्रिंग ट्रॅक. १६०० मीटर ५ मिनिटं १४ सेकंदांत. मार्क उत्तम. मोठ्या डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटातल्या टीमना हे टायमिंग कमी पडतं, पण मॅसॅच्युसेट्स आणि पेनसिल्व्हेनियातल्या दोन छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचे कोच तिला सारखे ईमेल करतायत. एकाने तर सांगितलंय की जुलैत ट्रान्सक्रिप्ट पाठव, ॲडमिशन ऑफिसला आवडलं तर अर्ली डिसिजनला (आलं तर जायचंच, असा लवकरचा अर्ज) मी तुला सपोर्ट करीन. मुलगी हवेत. बाबांचं म्हणणं, स्कॉलरशिप एका डॉलरची नाही, कॉलेजचं नाव पुण्यात सोडाच एडिसनमध्येही कुणाला माहीत नाही, जेमतेम दोन हजार पोरं, इंजिनिअरिंग नाही, त्यापेक्षा रटगर्सला, आपल्या राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत जा आणि पळायचं तर सकाळी उठून पळ. आई विचारते: "इतकी वर्षं पहाटे उठून मीटला नेलं, शूज, फिजिओ, समर कँप सगळं केलं, त्याचं शेवटी काहीच चीज होणार नाही का? खेळापायी ती चुकीचं कॉलेज निवडतेय, तिला समजवायचं कसं?"

ताई,

समजवायचं कसं ते नंतर बघू, आधी समजवायचंय काय ते ठरू दे. तुमच्या पत्रात "काहीच मिळत नाही" हे पुन्हा पुन्हा येतंय आणि मला वाटतं सगळी गाठ तिथेच आहे.

आपल्याकडे खेळाचा हिशोब कसा असतो बघा. जिल्हा, विभाग, राज्य पातळीवर खेळलं की दहावी-बारावीला वाढीव मार्क. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, नाहीतर रेल्वे, पोलीस. म्हणजे खेळ हा कशात तरी बदलून घ्यायचा असतो, सर्टिफिकेट फाईलला लावायचं आणि त्याचं काहीतरी पदरात पाडून घ्यायचं. यात वाईट काही नाही, गावाकडच्या कितीतरी पोरींचं आयुष्य त्या पाच टक्क्यांनी मार्गी लागलंय. पण तोच हिशोब आपण विमानात बसवून इकडे आणला, आणि इकडे डिव्हिजन वनची फुल राइड, म्हणजे सगळा खर्च देणारी स्कॉलरशिप त्यात अगदी फिट बसते, त्यामुळे आपल्याला वाटतं खेळाचं खरं बक्षीस तेच, बाकी सगळं म्हणजे फुकटची धावपळ.

तुमच्या मुलीला बोलावणारी कॉलेजं डिव्हिजन थ्रीची आहेत. एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेने १९७३ साली तीन डिव्हिजन पाडल्या तेव्हापासून थ्रीचा नियम सरळ आहे, खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही, कुणालाच नाही. कोचला तुमची मुलगी कमी आवडली म्हणून पैसे नाहीत असं नाही, त्या टीमच्या कॅप्टनलाही खेळाचे पैसे नसतात. आणि हा काही गरीब कॉलेजांचा कोपरा नाहीये, विल्यम्स, ॲमहर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना असली श्रीमंत कॉलेजं यात आहेत. बाबांना हेही सांगा की एमआयटी, कॅलटेक, शिकागो, कार्नेगी मेलन हे सगळे डिव्हिजन थ्रीच. एमआयटीचं नाव घेतलं की आपल्या बाबालोकांचा आवाज जरा खाली येतो असा माझा अनुभव आहे.

आता मुद्दा असा की ज्याला तुम्ही कमतरता म्हणताय त्यातच तुमच्या मुलीची सगळ्यात मोठी सोय आहे. पैसे खेळावर अवलंबून नाहीत म्हणजे खेळ सोडला तरी पैसे जात नाहीत. फायनान्शियल एड मिळाली तर ती घरच्या उत्पन्नावर मिळते, ती पळते म्हणून नाही. समजा दुसऱ्या वर्षी तिला वाटलं की बास झालं, आता मला नाटकात काम करायचंय किंवा लॅबमध्ये जास्त वेळ द्यायचाय, तर ती कोचला जाऊन सांगू शकते आणि बिल होतं तेवढंच राहतं. स्कॉलरशिपवर गेलेल्या मुलीला हे इतकं सोपं नसतं, तिला आधी घरी फोन करून विचारावं लागतं की आपल्याला परवडेल का. आणि लांब पळणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे नुसतं बोलायचं नाही हो. स्ट्रेस फ्रॅक्चर, लोह कमी होणं, पोटात पुरेसं न जाऊन पाळी थांबणं, हे प्रकार या खेळात इतके कॉमन आहेत की चार वर्षं सलग विनादुखापत पळालेली मुलगी शोधावी लागेल. अशा वेळी पाय बरा होईपर्यंत थांबायची मुभा असणं ही मोठी गोष्ट आहे. त्यावरून आठवलं, कोचला विचारायच्या प्रश्नांत हा पहिला ठेवा: टीमला न्यूट्रिशनिस्ट आहे का, आणि मुलींच्या वजनाबद्दल टीममध्ये कोण, काय बोलतं. हाच प्रश्न टीममधल्या मुलींनाही वेगळा विचारायला सांगा, उत्तरं जुळतात का बघा.

पण "काहीच मिळत नाही" हे तसंही खरं नाही. मिळतं ते ॲडमिशनमध्ये. आणि इथे मी जरा स्पष्ट बोलते, कारण ही सगळी भानगड बऱ्याच आईबाबांना नीट कळलेलीच नसते आणि मग डिसेंबरात रडारड होते.

न्यू इंग्लंडकडच्या अकरा कॉलेजांची नेस्कॅक नावाची कॉन्फरन्स, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा गट आहे, विल्यम्स, ॲमहर्स्ट, मिडलबरी, बोडन, टफ्ट्स वगैरे. तिथे अकरावी संपल्यावर १ जुलैपासून प्री-रीड सुरू होतं, म्हणजे कोच तुमच्या मुलीची ट्रान्सक्रिप्ट, एसएटी किंवा एसीटीचे मार्क आणि बारावीला कुठले विषय घेतेय ते ॲडमिशन ऑफिसला नेऊन दाखवतो, आणि ते सांगतात की ही मुलगी आमच्याकडे बसेल, कदाचित बसेल, किंवा कोचसाहेब दुसरं कुणीतरी बघा. त्यानंतर कोच ठरवतो कुणाच्या मागे आपलं वजन टाकायचं. प्रत्येक कोचकडे अशा जागा मोजक्या असतात आणि पळणाऱ्यांच्या टीमला त्या फार नसतात. म्हणून "सपोर्ट करीन" हा शब्द कानावर पडला की लगेच पेढे वाटायचे नाहीत. विचारायचं, तेही मुलीने, तुम्ही नाही: तुमचा सपोर्ट म्हणजे नेमकं काय? प्री-रीड चांगला आलेल्या आणि तुम्ही पूर्ण सपोर्ट दिलेल्या मुलींपैकी मागच्या काही वर्षांत कुणाला नकार आला का? की तुम्ही फक्त चार चांगले शब्द लिहून देता? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि चांगला कोच याचं सरळ उत्तर देतो. जो गोलगोल बोलतो तो बहुतेक अजून दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत असतो. एमआयटीसारख्या ठिकाणी तर कोचच्या हातात जागा नसतातच, तो फक्त शब्द टाकू शकतो. आणि कुठेही गेलात तरी ॲडमिशन कोच देत नाही, ॲडमिशन ऑफिस देतं, लेखी पत्र येईपर्यंत सगळं तोंडी आहे.

बरं, या सपोर्टची किंमत म्हणजे अर्ली डिसिजन. अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, निकाल डिसेंबरच्या मध्याला, आणि आलं तर जायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. इथे मात्र बाबांची काळजी मला शंभर टक्के पटते. या कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च आता नव्वद हजार डॉलरच्या आसपास गेलाय, आणि आपल्या आयटीवाल्या घरांचं दुखणं माहितीये तुम्हाला, दोघांचे पगार मिळून एड मिळण्याइतके कमी नाहीत आणि चार वर्षं नव्वद हजार भरण्याइतके जास्त नाहीत. त्यात नेस्कॅकमधली बहुतेक कॉलेजं मेरिट स्कॉलरशिपही देत नाहीत, जे काय मिळेल ते उत्पन्नावरच. म्हणून शूज, नाव, आजीला काय सांगायचं हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्या कॉलेजांच्या साईटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे एड वजा जाता तुम्हाला अंदाजे किती भरावे लागतील ते सांगणारं, भरा. २०११ पासून ते प्रत्येक कॉलेजला ठेवावंच लागतं. टॅक्स रिटर्न समोर घेऊन खरे आकडे भरा, अंदाजपंचे नाही. कधीकधी सुखद धक्का बसतो, विशेषतः दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असतील तर, कधी नुसताच धक्का बसतो. काही कॉलेजं मागितलं तर अर्ली डिसिजनच्या आधीच एडचा अंदाज देतात, तोही मागा, मागायला लाजू नका. आणि अर्ली डिसिजनमध्ये एड खरंच न पुरणारी आली तर त्या कारणाने सुटता येतं, पण ती शेवटची वाट आहे, त्या भरवशावर अर्ज करू नका.

तुम्ही व्हिसाबद्दल काही लिहिलेलं नाही म्हणून ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असावी असं धरते. पण हे वाचणाऱ्या ज्यांची मुलं अजून एच-फोरवर (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहेत त्यांच्यासाठी: फाफ्सावाली, म्हणजे त्या नावाचा फॉर्म भरून मिळणारी सरकारी मदत या मुलांना मिळत नाही, आणि एड देताना त्यांना कुठल्या गटात धरायचं हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं, काही ठिकाणी सरळ परदेशी विद्यार्थी म्हणून धरतात. शिवाय एकविसावं लागलं की एच-फोर संपतो, म्हणजे ऐन कॉलेजात असताना एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा करायचा. हे कोचला माहीत नसतं, त्याचं ते कामही नाही, तुम्ही ॲडमिशन ऑफिसला स्वतंत्र ईमेल करून विचारा आणि उत्तर लेखी ठेवा.

आता "जेमतेम दोन हजार पोरं" याबद्दल. बाबांना ते हिणवण्यासारखं वाटतंय, पण खेळाच्या दृष्टीने हाच आकडा सगळ्यात इंटरेस्टिंग आहे. विल्यम्समध्ये साधारण दोन हजार मुलं आणि तीसहून जास्त टीम. म्हणजे जवळजवळ प्रत्येक तिसरं पोर कुठल्यातरी टीममध्ये. मोठ्या युनिव्हर्सिटीत खेळाडू म्हणजे टीव्हीवर दिसणारे काही जण आणि बाकीचे सगळे प्रेक्षक, इथे खेळाडू म्हणजे तुमच्या शेजारच्या बाकावर बसून केमिस्ट्रीची जर्नल उतरवणारी मुलगी. आणि ही परंपरा काल-परवाची नाही. १ जुलै १८५९ ला पिट्सफील्ड गावात ॲमहर्स्ट आणि विल्यम्सची बेसबॉल मॅच झाली, अमेरिकेतली कॉलेजा-कॉलेजांमधली पहिली, ॲमहर्स्टने ७३-३२ अशी जिंकली, आणि त्याच भेटीत दोन्ही कॉलेजांनी बुद्धिबळाचाही सामना लावला होता. डाव्या हाताला बॅट, उजव्या हाताला वजीर. मला ही गोष्ट भयंकर आवडते. आणि फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्डमध्ये तर क्रिकेटची टीम आहे, क्लब नाही हं, कॉलेजची अधिकृत व्हर्सिटी टीम, अख्ख्या अमेरिकेत तेवढी एकच. हे वाक्य बाबांसमोर सहज जाता जाता टाकून बघा.

पण छोट्या कॉलेजात खेळाचं ओझंही तेवढंच पडतं. स्वार्थमोरने डिसेंबर २००० मध्ये फुटबॉल टीम बंदच करून टाकली, केवढा गदारोळ झाला तेव्हा, माजी विद्यार्थी चिडले, पण कॉलेजचं म्हणणं साधं होतं: वर्गात मुलं इतकी कमी आणि एवढ्या सगळ्या टीम भरायच्या तर ॲडमिशनचा फार मोठा हिस्सा खेळाडूंतच जातो, मग व्हायोलिन वाजवणाऱ्या, कविता लिहिणाऱ्या पोरांनी यायचं कुठून. हा प्रश्न आजही या कॉलेजांत धुमसतोय. आणखी एक, यातल्या बऱ्याच टीम कॉलेजच्या मानाने जास्त गोऱ्या आणि जास्त पैसेवाल्या घरच्या असतात, आणि खेळाडू एकीकडे, बाकीचे एकीकडे असे कंपू पडतात. तुमच्या मुलीला हे चालेल का, तिला त्यात एकटं वाटेल का की ती मस्त मिसळून जाईल, हे मी न्यू जर्सीपासून लांब बसून सांगू शकत नाही आणि तुम्हीही घरात बसून सांगू शकत नाही. तिला एक रात्र तिथे राहायला पाठवा. कोच अशा भेटी ठरवून देतात, टीममधल्याच कुणाच्या तरी खोलीत झोपायचं, सकाळी क्लासला जाऊन बसायचं. आणि दुपारी डायनिंग हॉलमध्ये ताट घेऊन उभं राहून नीट बघायचं, ट्रॅकची टीम सगळी एकाच टेबलावर बसलीये का चार ठिकाणी विखुरलीये. एवढ्या एका गोष्टीवरून बरंच कळतं. परत येताना गाडीत तुम्ही प्रश्न विचारू नका, ती आपणहून काय बोलते तेवढं ऐका.

अभ्यास मागे पडेल का? डिव्हिजन थ्रीचा दिवस साधारण असा असतो: सकाळी क्लास, दुपारी क्लास किंवा लॅब, चार-साडेचार ते सहा-साडेसहा प्रॅक्टिस, मग जेवण, मग लायब्ररी. बऱ्याच ठिकाणी संध्याकाळचा तो वेळ क्लासेसपासून शक्यतो मोकळा ठेवतात. खरी पंचाईत होते सायन्सच्या दुपारच्या लॅबची, ती लांबली की प्रॅक्टिसवर येते. म्हणून कोचला असं विचारा: गुरुवारी लॅब पाच वाजता संपली तर तिची प्रॅक्टिस कशी होते? "लॅब आधी, मग तू एकटी पळून ये, मी वर्कआउट पाठवतो" असं उत्तर आलं तर ठीक. जरा का-कू झालं तर समजा. आणि एक लक्षात ठेवा, सॉकरवाल्या मुलीला फॉल संपला की श्वास घ्यायला मिळतो, पळणाऱ्यांना तसं नसतं, क्रॉस कंट्री संपली की इनडोअर, ते संपलं की आउटडोअर, ऑगस्टच्या शेवटापासून मेपर्यंत हंगामच हंगाम. एखाद्या सेमिस्टरला परदेशी शिकायला जायचं असेल तर टीमवर ते चालतं का, हेही विचारून ठेवावं.

टीममध्ये ती कुठे बसेल हेही आत्ताच बघता येतं. क्रॉस कंट्रीच्या मोठ्या शर्यतीत सात जणी पळतात आणि पहिल्या पाच जणींचे नंबर मोजतात, ज्या टीमची बेरीज कमी ती जिंकली. त्यामुळे कोचला पहिल्या नंबरापेक्षा पाचव्या नंबराची जास्त काळजी असते. कॉलेज शर्यतींचे सगळे निकाल टीएफआरआरएसच्या साईटवर फुकट बघायला मिळतात. त्या दोन्ही कॉलेजांच्या पाचव्या ते दहाव्या मुलीची टायमिंग मुलीला काढायला सांगा, त्यात किती जणी सीनियर आहेत, म्हणजे पुढच्या वर्षी जाणार आहेत, ते बघायला सांगा. ती पाचवी असेल तर पहिल्या वर्षीच गाडीत बसेल, पंचवीसावी असेल तर शनिवारी टीम जाईल आणि ही कँपसवर राहील. दोन्हीत आनंद असू शकतो, पण आधी माहीत हवं.

आता बाबांचं रटगर्स. चांगलं कॉलेज आहे, घराजवळ आहे, खर्च निम्म्याहून कमी, मी त्याला नाक मुरडणार नाही. पण दोन गोष्टी. न्यू ब्रन्सविकचं रटगर्स २०१४ पासून बिग टेन या डिव्हिजन वनच्या बड्या कॉन्फरन्समध्ये आहे, तिथल्या टीममध्ये ५:१४ वर जागा मिळणं कठीणच, आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने एनसीएएचा जो मोठा समझोता मान्य केला त्यानंतर तो स्वीकारलेल्या कॉलेजांत प्रत्येक खेळाच्या टीममध्ये किती जण ठेवायचे याला मर्यादा आलीये, त्यामुळे स्कॉलरशिपशिवाय आपलं हौसेने टीममध्ये शिरायची वाट आधीपेक्षा अरुंद झालीये. म्हणजे रटगर्सला गेली तर बहुधा रनिंग क्लबमध्ये पळेल. क्लब वाईट नसतात, स्वतःच्या शर्यती असतात, दोस्ती होते, दबाव कमी, काही मुलींना तेच जास्त मानवतं. हा पर्याय तिच्यासमोर शिक्षा म्हणून ठेवू नका, खरा पर्याय म्हणून ठेवा.

दुसरी गोष्ट, तुम्ही "त्यात इंजिनिअरिंग नाही" असं लिहिलंत, पण पूर्ण पत्रात मुलीला काय शिकायचंय ते कुठेच नाही! तिला खरंच इंजिनिअरिंग करायचंय का? नसेल तर तो मुद्दाच निकालात. लिबरल आर्ट्स म्हणजे आपल्याकडची आर्ट्स शाखा नव्हे, तिथे फिजिक्स, मॅथ्स, कॉम्प्युटर सायन्स सगळं शिकवतात आणि वर्गात वीस पोरं असतात. करायचं असेल तरी रस्ते आहेत: स्वार्थमोरमध्ये इंजिनिअरिंग आहे, स्मिथमध्ये आहे, हार्टफर्डच्या ट्रिनिटीमध्ये आहे, कॅलिफोर्नियात हार्वी मडमध्ये आहे, आणि हे सगळे डिव्हिजन थ्री. (हार्वी मडच्या पोरी शेजारच्या स्क्रिप्स आणि क्लेअरमाँट मकेनाच्या पोरींबरोबर एकाच टीममध्ये पळतात, तीन कॉलेजं मिळून एक टीम, तेही मजेशीर प्रकरण आहे.)

आणि मला कळत नाही ही वाट कुणी तुम्हाला सुचवली कशी नाही: तुमच्याच राज्यात यूइंगचं कॉलेज ऑफ न्यू जर्सी आहे, सरकारी आहे, इन-स्टेट फी आहे, इंजिनिअरिंग आहे आणि डिव्हिजन थ्री आहे. रोवनही तसंच. होबोकनचं स्टीव्हन्स प्रायव्हेट आहे, पण तेही इंजिनिअरिंगचं आणि डिव्हिजन थ्रीच. एवढंच काय, रटगर्सचेच नेवार्क आणि कॅमडेन कँपस डिव्हिजन थ्री खेळतात. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी पैसे देत नाहीत, पण मार्कांसाठीची मेरिट स्कॉलरशिप देणारी कॉलेजं भरपूर आहेत, आणि ती खेळाडूलाही इतर पोरांसारखीच मिळते. तुमच्या घरात सध्या भांडण "नव्वद हजारवालं छोटं कॉलेज की रटगर्स" असं चाललंय, मधलं सगळं मैदान रिकामं पडलंय. मुलीला सांगा, या तीन-चार ठिकाणच्या कोचनाही ईमेल टाक, साधी ईमेल, टायमिंग, मार्क, कुठल्या विषयात रस, बस. डिव्हिजन थ्रीचे कोच उत्तर देतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण मुंबई-पुण्यातून स्क्वॉश खेळणाऱ्या मुलांचे आईवडील हाच प्रश्न विचारतात. स्क्वॉश एनसीएएत येतच नाही, त्याची वेगळी संघटना आहे, म्हणून हार्टफर्डचं छोटंसं ट्रिनिटी थेट हार्वर्ड-येलशी खेळतं, आणि त्यांनी १९९८ ते २०१२ मध्ये सलग २५२ सामने जिंकले होते, भारतासकट जगभरातून आणलेल्या पोरांच्या जोरावर. तेव्हा दार आहे. पण परदेशी अर्जदारांसाठी एडचा गल्ला छोटा असतो, आणि पैसे मागितल्याचा ॲडमिशनवर परिणाम न होऊ देणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, ॲमहर्स्ट आणि बोडन त्यांत आहेत. पैशाचं आधी विचारा, रॅकेट नंतर.

ताई, परत तुमच्याकडे. मुलीशी बोलायला बसाल तेव्हा "खेळ की करिअर" असं सुरू करू नका, ती लगेच दार लावून घेईल. हा प्रश्न विचारा: पहिल्याच महिन्यात पाय मोडला आणि चार वर्षं पळताच आलं नाही, तरी तुला याच कॉलेजात राहायला आवडेल का? हा काही माझा शोध नाही, कोचच मुलांना हे विचारतात. त्यावर ती गप्प बसली तर ती कॉलेजच्या नाही, कोचच्या ईमेलच्या प्रेमात आहे, आणि सतराव्या वर्षी कुणीतरी आपल्याला इतकं हवंहवंसं म्हटलं की कुणीही पडेल. पण ती जर पटकन बोलायला लागली, अमुक प्रोफेसर, तमुक विषय, तिथली लायब्ररी, तर मग मात्र बाबांना ऐकावं लागेल.

आणि चीज होण्याचं म्हणाल तर, कोचने तिच्यासाठी ॲडमिशन ऑफिसचं दार ठोठावणं हे त्या पहाटेच्या मीटमुळेच झालंय ना? पण समजा तेही झालं नसतं, ती उद्या रटगर्सला गेली आणि रनिंग क्लबमध्ये रमली, तरी मला त्यात तोटा दिसत नाही. ती आठवड्याला कितीतरी मैल स्वतःहून पळते, तेवढ्यात अभ्यास सांभाळते, मोठ्या माणसांना नीट ईमेल लिहिते. तुम्ही शूजचे पैसे परत मागताय ते नक्की कुणाकडे?

बाबांना एक काम द्या. ऑक्टोबरात घरापासून तास-दीड तासावर कुठेतरी डिव्हिजन थ्रीची क्रॉस कंट्री शर्यत असतेच, बहुतेक ठिकाणी तिकीटही नसतं, त्यांना मुलीबरोबर पाठवा, तुम्ही जाऊ नका. शर्यत संपल्यावर चिखलाने माखलेल्या पोरी घोळक्याने उभ्या असतात, त्यातल्या सीनियर पोरींना त्यांनी स्वतः विचारावं की पुढे काय करणार आहात, नोकरी कुठे लागली. तुमच्या-माझ्या सांगण्यापेक्षा ते त्यांना जास्त पटेल.

पण त्याला वेळ आहे. १ जुलै त्याआधी येतो. ट्रान्सक्रिप्ट पाठवल्याने कुणी बांधलं जात नाही, ती खुशाल पाठवू दे, मात्र त्याच आठवड्यात तुम्ही दोघं बसून ते कॅल्क्युलेटर भरा, त्या दोन कॉलेजांचं आणि कॉलेज ऑफ न्यू जर्सीचंही, आणि आलेले आकडे मुलीलाही दाखवा, लपवू नका, तिला कळण्याइतकी ती मोठी आहे. आकडे काय आले ते मला कळवलंत तर पुढचं बोलू.